पोटात बाळ, पाठीवर सिलिंडर? नकोच!

मैत्रिणींनो, आमचं वणी म्हणजे कोळशाच्या खाणींचं गाव. समुद्र इथून कोसो दूर. पण लग्न झालं की आता इथलीही जोडपी मालवण, गोवा, अंदमान गाठतात आणि पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून मासे बघायला पाण्याखाली उतरतात. तारकर्लीला तर राज्य पर्यटन महामंडळाचं स्कूबा डायव्हिंग शिकवणारं केंद्रच आहे. हौस जरूर करावी. पण दिवस गेले असतील तर ती पुढे ढकलायची.

कारण समजून घ्या. समुद्रात १० मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो. त्या दाबाने श्वासातला नायट्रोजन रक्तात जास्त विरघळतो. वर येताना, विशेषतः घाईने आलं तर, सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. आईची फुप्फुसं बारीक बुडबुडे गाळून टाकतात. बाळाची फुप्फुसं मात्र कामाला लागलेली नसतात. त्याचं बहुतेक रक्त त्यांना वळसा घालून जातं. म्हणजे बुडबुडा थेट मेंदूपर्यंत पोचू शकतो. गाभण मेंढ्यांवरच्या प्रयोगांत पोटातल्या पिलांच्या रक्तात असे बुडबुडे दिसले आहेत. बायकांवर असे प्रयोग कोण करणार? म्हणूनच 'एवढ्या खोलीपर्यंत चालेल' असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

खरी पंचाईत पहिल्या महिन्याची. तेव्हा कळलेलंच नसतं. आमच्या महिला मंडळात एका नव्या सुनेनं हळूच विचारलं, "ताई, मी अंदमानला खाली गेले आणि नंतर कळलं. आता काय?" घरात बोलणी सुरू झालीच होती, "पाण्यात जायचं नडलं होतं का?" अशा सगळ्या घरांना सांगते, नकळत डायव्हिंग झालेल्या बहुतेक बायकांची बाळं सुखरूप जन्मली आहेत. तेवढ्याच कारणाने गर्भपाताचा विचार करू नये, असं तज्ज्ञही सांगतात. डॉक्टरांना तारीख आणि खोली सांगा, नेहमीच्या तपासण्या करा. पोरीला दोष देऊ नका.

उतरण्याआधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. त्यात गरोदरपणाचा प्रश्न असतो. तो नवऱ्याला भरू देऊ नका, स्वतः वाचा आणि लाजेपोटी 'नाही' लिहू नका. पाळी लांबली असेल तर आधी घरीच तपासणी करा. शंका असेल तर सरळ किनाऱ्यावर पाय भिजवा. समुद्र कुठे पळून जातोय? पुढच्या वेळी लेकराला घेऊन जा!