दीर्घिका-युग्मांचे छायाचित्रण आणि आंतरक्रियेचा पुरावा

प्रस्तावना :
छायाचित्रात दोन दीर्घिका शेजारी दिसल्या की त्यांच्यात गुरुत्वीय आंतरक्रिया सुरू असावी, असा निष्कर्ष सहज काढला जातो. परंतु छायाचित्रातून केवळ दिशा कळते, खोली नव्हे. आंतरक्रियेचा निर्णय कोणत्या पुराव्यावर करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात दोन उदाहरणांच्या आधारे केला आहे.

दोन उदाहरणे :
वासुकी तारकासमूहातील एनजीसी ३३१४ मध्ये दोन सर्पिल दीर्घिका एकमेकींवर आलेल्या दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यात दोन कोटींहून अधिक प्रकाशवर्षांचे अंतर आहे. त्या केवळ एकाच दृष्टिरेषेत आहेत.

याउलट, सप्तर्षीमधील एम ८१ व एम ८२ या सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकांची नोंद योहान बोडे यांनी १७७४ मध्ये केली. आकाशात त्यांच्यामध्ये सुमारे ३८ कला, म्हणजे चंद्रबिंबाच्या व्यासाहून अधिक अंतर आहे. दृश्य प्रकाशात त्या अलिप्त भासतात. मात्र १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१ सेंमी तरंगलांबीच्या रेडिओ नकाशात हायड्रोजन वायूचे पट्टे त्यांना जोडताना आढळले. एम ८२ मधील वेगवान तारानिर्मितीचे कारणही याच आंतरक्रियेत शोधले जाते.

छायाचित्रणातील दक्षता :
महाराष्ट्रातून हे युग्म उत्तरेस जेमतेम ४० अंश उंचीपर्यंत येते. मार्च-एप्रिलमधील चंद्रविरहित रात्री व प्रकाश-प्रदूषणापासून दूरचे स्थळ निवडावे. किमान एक अंशाचे दृष्टिक्षेत्र घेऊन अनेक छायाचित्रांची बेरीज केल्यास अंधूक भाग उमटतात. येथेच फसगत संभवते. या क्षेत्रात आपल्याच आकाशगंगेतील धूलिमेघांचा फिकट प्रकाश पसरलेला आहे. प्रतिमेची उजळणी वाढविताच तो दीर्घिकांमधील सेतूसारखा दिसू लागतो.

निष्कर्ष :
१) दोन्ही दीर्घिकांची अंतरे स्वतंत्रपणे पडताळावीत. २) त्यांचे वेग वर्णपटावरून तपासावेत. ३) भरती-बलाने ओढलेल्या शेपट्या व सेतू शोधावेत, अशा रचना गुरुत्वाकर्षणातूनच निर्माण होऊ शकतात, हे टूमरे बंधूंनी १९७२ मध्ये संगणकीय प्रतिमानांद्वारे दाखविले. ४) शक्य तेथे रेडिओ निरीक्षणांचा आधार घ्यावा, खोडद येथील जीएमआरटी दुर्बीण याच हायड्रोजनचा वेध घेऊ शकते.

विद्यार्थी प्रकल्पांतील उत्तम छायाचित्र हे संशोधनाचा प्रश्न होय, उत्तर नव्हे. हा भेद अध्यापनातून रुजविणे आवश्यक आहे.