राखीव बळ

‘राखीव’ म्हटले की आपल्याला आगगाडीतली जागा आठवते. पण ‘राखणे’ या क्रियापदात दोन अर्थ नांदतात : जपून ठेवणे आणि रक्षण करणे. राष्ट्राच्या संरक्षणात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. १९४९ साली उभी राहिलेली आपली प्रादेशिक सेनाच पाहा ना! त्यातला गृहस्थ एरवी आपली नोकरी वा धंदा सांभाळतो, ठरल्या दिवसांत लष्करी शिक्षण घेतो आणि हाक येताच गणवेश चढवतो.

पण ज्यांना गणवेशच नाही त्यांचे काय? डिसेंबर १९७१ च्या युद्धात भूजच्या विमानतळाची धावपट्टी बाँबफेकीने उखडली. तळप्रमुख होते विजय कर्णिक. मनुष्यबळ अपुरे, तेव्हा शेजारच्या माधापर गावच्या सुमारे ३०० स्त्रिया पुढे आल्या. भोंगा वाजला की झुडपांत दडायचे, धोका टळला की पुन्हा कामाला लागायचे. विमानातून दिसू नये म्हणून साड्याही हिरव्या! ७२ तासांत धावपट्टी दुरुस्त झाली.

या धैर्याइतकीच त्यामागची शिस्तही मोलाची. भोंग्याची खूण कळली नसती, तर तेच धैर्य जिवावर बेतले असते. संकटकाळी उत्साह आपोआप येतो. शिक्षण मात्र शांततेच्या दिवसांतच घेऊन ठेवावे लागते.

वाचकहो, जखमेवर नीट पट्टी बांधता येईल असे एक तरी माणूस आपल्या घरात आहे का? फराळाला सारे एकत्र बसाल, तेव्हा एवढे जरूर विचारा.