विचारणारा दिवा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कोळसा खाणीत आमचे मामू माइनिंग सरदार होते. पाळीवर जाताना त्यांच्या हातात पितळेचा, काचेचा एक दिवा असे. टोपीला बॅटरीचा दिवा असताना हा कशाला, असं मी लहानपणी विचारलं. मामू म्हणाले, "बेटा, वो देखने को, ये पूछने को."

काय विचारायचं असे? कोळशाच्या थरांतून मिथेन वायू झिरपतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत तो ५ ते १५ टक्के झाला, की एक ठिणगी पुरते. पूर्वी खाणकामगार उघडे दिवे, मेणबत्त्या घेऊनच खाली उतरत. इंग्लंडमधल्या फेलिंगच्या खाणीत २५ मे १८१२ रोजी स्फोट झाला. ९२ माणसं आणि मुलं गेली.

त्यानंतर, १८१५ साली, हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञानं तेलाच्या दिव्याभोवती तारेची जाळी बसवली. एका चौरस इंचात ७८४ छिद्रं! वायू आत शिरून जळतो. पण जाळीचा धातू उष्णता ओढून घेतो, म्हणून आग बाहेर पडत नाही. शिवाय ज्योत बोलू लागली. वायू असला, की तिच्यावर फिकट निळी टोपी चढते. प्राणवायू कमी झाला, की ती मंदावते, विझते. डेव्हीनं या शोधाचं पेटंट घेतलं नाही.

मग स्फोट थांबले का? नाही. जाळी गंजे, फाटे. जोराच्या वाऱ्यात ज्योत जाळीबाहेर पडे. उजेड इतका अपुरा, की काही कामगार जाळीच काढून ठेवत. आणि मुख्य म्हणजे, धोक्याचे म्हणून सोडून दिलेले थर मालकांनी पुन्हा खोदायला घेतले. 'आता दिवा आहे ना!' जीव वाचवण्यासाठी केलेलं साधन जास्त धोका पत्करण्याचा परवाना ठरलं.

दिवा धोका सांगतो. माणसांना वर आणायचं की नाही, हे माणूसच ठरवतो. एकदा ज्योतीवर निळी टोपी दिसताच मामूंनी कामगारांना बाहेर काढलं. त्या दिवसाचा कोळसा बुडाला, म्हणून साहेबाची बोलणी खाल्ली. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "बत्ती ने कहा, मैंने सुना."