मुलांचा रक्ताचा कर्करोग, लेखांक ६ : गोळीला पुरून उरणारी पेशी

खारघरच्या सेक्टर २२ मधलं टाटा मेमोरियलचं ‘ॲक्ट्रेक’ बेलपाड्याहून रिक्षाच्या अंतरावर आहे. बोन मॅरोत कर्करोगाच्या मूठभर पेशी जरी दडून राहिल्या, तरी त्या हुडकणारी एमआरडी तपासणी इथे होते. आजार उलटला की आईवडील विचारतात, ‘हे आमच्याकडूनच आलं का? धाकट्याचीही तपासणी करायची का?’ बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच असतं. औषधाला न जुमानणारा बदल कर्करोगाच्या पेशीत घडतो. तो मुलाच्या बाकी शरीरात नसतो, घराण्यात तर नाहीच. भावंडाचं रक्त मागतात ते मॅरो जुळतो का हे पाहायला.

सिक्स-एमपीचंच घ्या. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांचं हे औषध अमेरिकेत १९५३ पासून वापरात आहे. मेंटेनन्सच्या, म्हणजे आजार पुन्हा उलटू नये म्हणूनच्या उपचाराच्या, काळात मूल ही गोळी रोज घेतं. ती दिसायला प्युरीनसारखी, म्हणजे डीएनएच्या कच्च्या मालासारखी, पण तोतया. पेशी तिला आपल्या डीएनएत गुंफते, नक्कल करताना चुका होतात, दुरुस्ती यंत्रणेला त्या सुधारता येत नाहीत आणि पेशी मरते. इथे एक गंमत आहे. एमएसएच६ हे दुरुस्तीचं जनुकच गळालं, तर चूक कुणाच्या लक्षातच येत नाही आणि पेशी चुकांसकट जगते!

पेशीची औषधातून निसटण्याची दुसरी वाट २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना सापडली. एनटी५सी२ जनुकात बदल झाला की त्याचं विकर अतिउत्साही होतं आणि होडीत शिरलेलं पाणी उपसावं तसं औषधाचं सक्रिय रूप मोडून बाहेर टाकतं. टी-पेशींचा रक्ताचा कर्करोग उलटलेल्या मुलांपैकी सुमारे १९ टक्क्यांत हा बदल आढळला. निदानाच्या वेळी मात्र तो क्वचितच दिसतो. कारण या उपशात पेशीची स्वतःची प्युरीनंही जातात, तिची वाढ मंदावते. औषध नसताना ती इतरांच्या मागे पडते. औषध सुरू झालं की इतर मरतात आणि तिला रान मोकळं मिळतं. तिची ही प्युरीनची चणचण हेरून प्युरीन बनवण्याची वाटच अडवली, तर ती लवकर मरते, असं २०१८ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. मला यातलं हेच सर्वांत आशादायक वाटतं, जरी दवाखान्यापर्यंतचा पल्ला लांबचा असला तरी.

एनयूडीटी१५ या जनुकाची गोष्ट वेगळी. त्यातला फरक जन्मजात, आईवडिलांकडून आलेला. आशियाई लोकांत जास्त. अशा मुलाच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या डोसनेच कोसळतात, म्हणून डॉक्टर गोळी कमी करतात. ‘डोस कमी केला म्हणून उलटलं’ अशी कुजबुज नातेवाइकांत होते, ती चुकीची. अशा शरीराला तेवढा डोस पुरतो.

न सांगता गोळ्या चुकवणं मात्र निराळं. ठरलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून कमी पोटात गेल्या, तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, असं अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. म्हणून जनुकांवर ठपका ठेवण्याआधी उरलेल्या गोळ्या मोजाव्या लागतात.