तांबेऱ्याची वंशावळ मांडणारा माणूस

लेखमाला : पिकं आणि बुरशी – भाग ५

मागच्या भागात आपण आग्र्याच्या प्रा. करमचंद मेहता यांच्या मागोमाग निलगिरी आणि हिमालय फिरून आलो. मैदानी उन्हाळ्यात गव्हावरचा तांबेरा टिकत नाही, डोंगराच्या थंडाव्यात तो तग धरतो आणि पुढच्या हंगामात वाऱ्याबरोबर पुन्हा खाली उतरतो, हे मेहतांनी दाखवलं. तांबेरा येतो कुठून, याचा उलगडा त्यातून झाला. पण शेतकऱ्याला सतावणारा दुसरा प्रश्न शिल्लकच राहिला. शेजारशेजारच्या दोन वाणांवर तेच बीजाणू पडतात. एक पार नारिंगी होऊन जातो, दुसऱ्याला साधा डाग पडत नाही. आणि मग चार-सहा वर्षांनी, कुणाची काही चूक नसताना, तो दुसराही वाण एकाएकी बळी पडतो. असं का होतं?

याचं उत्तर गव्हात नाही, जवसात सापडलं. ते शोधणारा माणूस होता हॅरल्ड हेन्री फ्लोर. जन्म १९०० सालचा, शिक्षण मिनेसोटा विद्यापीठात. गव्हाच्या तांबेऱ्याचा मोठा अभ्यासक एल्विन स्टॅकमन याच विद्यापीठात होता आणि नॉर्मन बोरलॉगही पुढे इथूनच बाहेर पडला. १९३१मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने फ्लोरला नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी नेमलं. काम एकच : जवसाचा तांबेरा. उरलेली सगळी नोकरी त्याने त्या एका रोगावर काढली.

आपल्याकडे जवस म्हणजे चटणी, आणि विदर्भात धान निघायच्या आधीच बांधीतल्या ओलीवर फेकून घेतलेलं पीक. नॉर्थ डकोटात ते रंग-व्हार्निशच्या तेलासाठी मैलोन्‌मैल पेरलं जायचं. तांबेरा मात्र दोन्हीकडे तोच. आधी पानावर शेंदरी-पिवळ्या पुळ्या उठतात, बोट लावलं तर भुकटी लागते. पीक पक्व होऊ लागलं की खोडावर काळे, चकचकीत चट्टे दिसतात. ते चट्टे म्हणजे बुरशीची हिवाळ्याची सोय. कडाक्याची थंडी त्या धसकटात काढून वसंतात नवे बीजाणू तयार होतात आणि जवसाच्याच कोवळ्या रोपांवर पडतात.

‘जवसाच्याच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गव्हाच्या खोडावरच्या तांबेऱ्याला लैंगिक पुनरुत्पादनासाठी बार्बेरीचं झुडूप लागतं; अर्धा संसार इथे, अर्धा तिथे. जवसाच्या तांबेऱ्याचा सगळा जन्म एका जवसावर पार पडतो. त्यामुळे ज्याला या बुरशीचे संकर करायचे आहेत, त्याची निम्मी यातायात वाचते. फ्लोरने नेमकं हेच हेरलं.

तोपर्यंतच्या संशोधकांची नजर पिकावर होती. केंब्रिजच्या रोलंड बिफेनने १९०५मध्येच दाखवलं होतं की पिवळ्या तांबेऱ्याला विरोध करण्याचा गव्हाचा गुण मेंडेलच्या नियमांप्रमाणे पुढच्या पिढीत उतरतो. दुसऱ्या बाजूला स्टॅकमनच्या मंडळींनी दाखवलं की तांबेरा एकजिनसी नाही. त्याच्या अनेक ‘रेस’ असतात, सूक्ष्मदर्शकाखाली तंतोतंत सारख्या. एक रेस या वाणावर वाढते, दुसरी त्या वाणावर, एवढाच फरक. दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या, पण कुणी त्या एकत्र मांडल्या नव्हत्या. पिकाची वंशावळ मांडली जात होती, बुरशीची फारशी नाही. फ्लोरने ठरवलं की एकाच वेळी दोघांची मांडायची. माझ्या मते त्याचं मोठेपण या निर्णयात आहे. पुढचं सगळं अफाट चिकाटीचं काम.

ती चिकाटी काय असेल, ते थोडं जवळून पाहू. जवसाचा संकर त्यामानाने सोपा : कळी उमलण्याआधी चिमट्याने परागकोश काढायचे आणि दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. बुरशीचा संकर कसा करायचा? त्याची वाट कॅनडातल्या विनिपेगच्या जॉन क्रेगीने १९२७मध्ये दाखवली होती. तांबेऱ्याचे वसंतातले बीजाणू पानावर पडले की बारीक पुळ्या येतात आणि त्यांतून मधासारखा थेंब पाझरतो. माश्या त्या थेंबावर बसतात आणि एका पुळीतला रस दुसरीत नेतात. क्रेगीने स्वतः रस इकडचा तिकडे केला आणि त्यातून फलन होतं, हे सिद्ध केलं. फ्लोरने जवसावर माशीचं हे काम स्वतःकडे घेतलं. एका रेसच्या पुळीतला थेंब उचलायचा आणि दुसऱ्या रेसच्या पुळीवर ठेवायचा. काही दिवसांत पानावर पुढच्या अवस्थेचे बीजाणू दिसले की संकर साधला.

आणि ही बुरशी बशीत वाढवता येत नव्हती. तिला जिवंत झाड हवं. म्हणजे मिळालेला प्रत्येक संकर जवसाच्या रोपांवर जगवायचा, रोप म्हातारं व्हायच्या आत नव्या रोपावर न्यायचा, आणि शेजारच्या संकराचा एक बीजाणूही त्यात मिसळू द्यायचा नाही. वाऱ्यावर उडणारी भुकटी वेगळी ठेवणं काय असतं, याची कल्पना करा.

आता त्याचा गाजलेला प्रयोग. जवसाचे दोन वाण घेतले. एकाचं नाव ‘ओटावा ७७० बी’, दुसऱ्याचं ‘बॉम्बे’. मुंबईच्या बंदरातून त्या काळी जवस परदेशी रवाना व्हायचं. त्या नावाचा वाण अमेरिकेतल्या या प्रयोगाचा अर्धा भार वाहतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. तांबेऱ्याच्या रेसही दोन : २२ आणि २४. रेस २२ ओटावावर फोफावते, पण बॉम्बेपुढे तिचं काही चालत नाही. रेस २४चं नेमकं उलट.

आधी वाणांचा संकर. पहिल्या पिढीतली रोपं दोन्ही रेसना पुरून उरली. दुसऱ्या पिढीत फ्लोरने १९४ रोपं तपासली. प्रत्येक रोपाची दोन्ही रेसपुढे परीक्षा झाली. ११० रोपांनी दोन्ही रेस परतवल्या, ३२ आणि ४३ रोपांनी कोणती तरी एकच, आणि ९ रोपं दोन्हींना बळी पडली. शाळेत मेंडेलचे वाटाणे शिकलेल्यांना यात ९ : ३ : ३ : १ हे प्रमाण लगेच दिसेल. अर्थ सरळ आहे : दोन स्वतंत्र जनुकं, एक ओटावाचं, एक बॉम्बेचं, आणि प्रतिकार प्रभावी.

मग रेसचा संकर. २२ आणि २४ यांच्या पोटी झालेला तांबेरा या दोन्ही वाणांवर निष्प्रभ ठरला. तो मरू नये म्हणून कोणत्याच रेसला विरोध न करणारा वाण लागतो. फार्गोत त्यासाठी ‘बायसन’ होता. त्या संकरातून तांबेऱ्याची दुसरी पिढी निघाली, तिचे १३३ नमुने तपासले. ७८ नमुने दोन्ही वाणांपुढे हतबल. २७ आणि २३ नमुने एकेका वाणावर वाढणारे. आणि ५ नमुने दोन्ही वाणांवर फोफावणारे. पुन्हा तेच ९ : ३ : ३ : १.

म्हणजे ओटावातल्या प्रतिकाराच्या एका जनुकासमोर बुरशीत एक जनुक आहे, बॉम्बेतल्या जनुकासमोर दुसरं. झाडातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीत एक जोडीदार जनुक असतं. ‘जनुकास जनुक’ म्हणून पुढे प्रसिद्ध झालेला सिद्धांत तो हाच. त्याची बीजं १९४२च्या निबंधात आहेत, वरचे आकडे १९४६-४७चे, आणि १९५५च्या लेखात सगळी मांडणी एकत्र येते.

त्या पाच नमुन्यांपाशी जरा थांबलं पाहिजे. त्यांचे आईबाप एकेकाच वाणाला पाडू शकत होते. लेकरं दोन्ही पाडतात. फार्गोत हे काचघरात घडलं, पण धसकट पडलेल्या कुठल्याही शेतात, माश्यांच्या मदतीने, ते दर वसंतात घडू शकतं. वाण अचानक ‘बिघडतो’ असं आपण म्हणतो, तेव्हा वाणाला काहीच झालेलं नसतं. समोरची बुरशी बदललेली असते.

आकड्यांत आणखी एक खूण आहे. झाडाचा प्रतिकार प्रभावी निघाला, बुरशीची रोग पाडण्याची ताकद मात्र अप्रभावी. म्हणजे बुरशीला जिंकण्यासाठी काही नवीन कमवावं लागत नाही, असलेलं गमवावं लागतं. झाडातलं प्रतिकारक जनुक हा एक राखणदार समजा. तो चोराला अंगातल्या एका ठरावीक सदऱ्यावरून ओळखतो. चोराने सदरा बदलला की राखणदार जागा असूनही काही उपयोग नाही. तांबेऱ्याच्या पेशीत दोन केंद्रकं असतात, म्हणजे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती. त्यांतली एक जरी मूळची राहिली, तरी ओळख पटते. दोन्ही बदलल्या तरच बुरशी निसटते.

‘ओळख’ ही फ्लोरच्या हयातीत बरीचशी कल्पनाच होती. त्याचा मृत्यू १९९१मध्ये झाला. १९९५मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या ‘सीएसआयआरओ’ या संस्थेतल्या संशोधकांनी जवसातलं ‘एल ६’ हे प्रतिकारक जनुक वेगळं काढलं. ते ओटावा वाणातल्या जनुकाचंच भावंड आहे. २००४मध्ये त्याच्यासमोरचं बुरशीतलं जनुक हाती आलं, आणि दोन वर्षांनी दोन्हींपासून बनणारी प्रथिनं थेट एकमेकांना चिकटतात, हे दिसलं. चिकटली की झाडाची ती पेशी स्वतःहून मरते. या बुरशीला जिवंत पेशीतूनच अन्न मिळतं, त्यामुळे तिची तिथेच उपासमार होते. फ्लोरने रोपं मोजून जे ताडलं होतं, ते पन्नास वर्षांनी रेणूंच्या पातळीवर जसंच्या तसं उतरलं. नोबेल त्याला मिळालं नाही, आणि पीकरोगांच्या अभ्यासकांबाहेर त्याचं नावही फारसं कुणाला माहीत नाही, याची मला मनापासून खंत आहे.

त्याच्या सिद्धांताचा उपयोग मात्र आपण रोज करतो. सिमल्याजवळच्या फ्लॉवरडेलला गव्हाच्या तांबेऱ्याच्या रेस जिवंत जपून ठेवतात. महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रात नव्या वाणांना मुद्दाम तांबेरा लावून पाहतात. कोणत्या वाणात कोणतं जनुक आहे आणि त्याच्यासमोर कोणती रेस उभी आहे, हा तिथला रोजचा हिशेब आहे. म्हणून बियाण्याच्या पिशवीवर नुसतं ‘तांबेरा प्रतिकारक’ छापलेलं पाहिलं की ते मला अर्धवट वाटतं. कोणत्या रेसला, आणि कोणत्या वर्षीच्या तपासणीनुसार, हे कृषी विद्यापीठाच्या माणसाला शेतकऱ्याने बेधडक विचारावं. सगळं रान एकाच वाणाखाली टाकण्याआधी तर नक्कीच.

दोन-तीन जनुकं एकाच वाणात भरली तर बुरशीला एकाच वेळी तितके बदल करावे लागतात, आणि ते तिला जड जातं. हा मार्गही फ्लोरच्या गणितातूनच निघतो. पण एकट्या जनुकावर जगभर भिस्त ठेवली की काय होतं, ते युगांडातल्या गव्हाच्या एका शेतात दिसलं. तिथे सापडलेली ‘यूजी ९९’ ही रेस आणि तिच्यापुढे हरलेलं ‘एसआर ३१’ हे जनुक, यांच्याबद्दल पुढच्या आठवड्यात.