वैद्य व विद्वान यांची खासगी कागदपत्रे : जतनाची काही तत्त्वे

विद्वानाचे नाव त्याच्या ग्रंथांमुळे राहते, हे खरे. परंतु ग्रंथ हा विचाराचा शेवटचा टप्पा होय. तो विचार कसा सुचला, वाटेत कोणत्या शंका आल्या, कोणाच्या सांगण्यावरून मत बदलले, हे पत्रांतून, टिपणवह्यांतून आणि पुस्तकांच्या समासांतूनच कळते. वैद्याच्या बाबतीत तर रोग्याला दिलेला उपचार व त्याला आलेला गुण यांची मूळ नोंद रोजनिशीवाचून अन्यत्र क्वचितच असते. असे असता, गृहस्थ निवर्तल्यावर ग्रंथ ग्रंथालयात जातात आणि कागद रद्दीत जातात, असा अनुभव पुष्कळदा येतो.

डॉ. भाऊ दाजी लाड यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. मुंबईत वैद्यकी करीत असतानाच त्यांनी अजिंठ्याचे व इतर शिलालेख वाचले आणि हस्तलिखिते व नाणी जमविली. १८७४ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी जमविलेली हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात राहिली. त्यांचे विखुरलेले लेख १८८८ साली कलकत्त्याहून ग्रंथरूपाने निघाले. अर्थात विद्वान भाऊ दाजी आपल्याला पुष्कळसे उपलब्ध आहेत. वैद्य भाऊ दाजींविषयी तसे म्हणता येत नाही. कुष्ठरोगावरील त्यांच्या औषधाचा त्या काळी मोठा बोलबाला झाला. परंतु त्या उपचाराचा साद्यंत वृत्तांत त्यांच्या हातून प्रसिद्ध झाला नाही. अशा प्रसंगी वैद्याचे हस्तलिखित टिपण हाच एकमेव साक्षीदार असतो.

याच्या उलट उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून जून १८८३ मध्ये त्यांनी लिहिलेले पत्र आजही तेथे जपलेले आहे. १८५० साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचे नाव पुढे बदलले आणि अखेर ती ड्रेक्सेल विद्यापीठात विलीन झाली. परंतु दप्तर टाकून दिले गेले नाही. अठरा वर्षांच्या मुलीचा एक अर्ज जपून ठेवण्याची शिस्त तेथे होती, म्हणून आनंदीबाईंची आकांक्षा आपल्याला त्यांच्याच शब्दांत वाचता येते. महाराष्ट्रातही अशी शिस्त अपरिचित नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ साली धुळे येथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले, ते त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठीच.

आता जतनाच्या पद्धतीविषयी. पहिले तत्त्व असे की, कागदांचा मूळ क्रम मोडू नये. एका वेष्टनात एकत्र ठेवलेली पत्रे, वरवर असंबद्ध दिसली, तरी ठेवणाराच्या दृष्टीने एका कामाची असतात. ‘महत्त्वाची’ म्हणून थोरांची पत्रे वेगळी काढली की हा संबंध कायमचा तुटतो. शिवाय पत्र हे संवादाचे अर्धेच अंग होय. आलेली पत्रे घरात असतात, गेलेली पत्रे परक्या घरी; म्हणून उत्तराची नक्कल वा कच्चा खर्डा मिळाल्यास तो मूळ पत्राइतकाच मोलाचा मानावा.

दुसरे तत्त्व कागदाच्या प्रकृतीचे. जुना हातकागद बहुधा टिकाऊ असतो. लाकडाच्या लगद्यापासून केलेला पुढील काळातील कागद मात्र अंगच्या आम्लामुळे पिवळा पडून तुटू लागतो. लोहयुक्त शाई तर अक्षराच्या जागीच कागद खाते. टाचण्या गंजतात, चिकटपट्टी डाग पाडते. सबब टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात आणि चिकटपट्टी मुळीच लावू नये. फाटलेला कागद पातळ जपानी कागद व गव्हाची खळ यांनी जाणकाराकडून सांधून घ्यावा. पत्रे उलगडून आम्लरहित वेष्टनात, दमट भिंतीपासून दूर ठेवावीत, म्हणजे वाळवी व कसर यांची भीती कमी होते. छायाचित्र-प्रत जरूर करावी. परंतु प्रत झाली म्हणून मूळ कागद टाकू नये. शाई, कागद व खाडाखोड हीदेखील पुराव्याची अंगे आहेत.

तिसरा प्रश्न नीतीचा. पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा. मजकुरावरील हक्क मात्र लिहिणाराचा व त्याच्या वारसांचा. वैद्याच्या कागदांत तिसऱ्याच एका माणसाचा, म्हणजे रोग्याचा, संबंध येतो. त्याने विश्वासाने सांगितलेली व्यथा चव्हाट्यावर येता कामा नये. परंतु या भयाने वह्या जाळणे हा उपाय नव्हे. ठरावीक मुदतीपर्यंत त्या बंद ठेवाव्यात आणि पुढे नावे झाकून अभ्यासकास दाखवाव्यात. यात रोग्याची अब्रू व शास्त्राचे हित दोन्ही साधतात.

या सर्व कामाचा आरंभ संस्थेत होत नाही, घरात होतो. पत्रातील ‘आबा’ म्हणजे कोण, छायाचित्रात डावीकडे कोण उभे आहे, हे सांगणारे माणूस आज घरात आहे. उद्या ते असेलच असे नाही. म्हणून कागद कोणत्याही संग्रहाच्या स्वाधीन करण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एक साधी यादी करावी. तिला खर्च काही नाही. आणि ती नसेल तर उत्तम जपलेले दप्तरही पुढच्या पिढीला मुकेच राहते.