पोटातील सूक्ष्म सोबती

जीवाणू म्हटले की रोगराईच डोळ्यांसमोर येते. वास्तविक निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यात लक्षावधी कोटी जीवाणू सुखाने नांदत असतात. आपल्याला न पचलेल्या तंतुमय अन्नावर ते गुजराण करतात. त्या बदल्यात ते ‘के’ जीवनसत्त्व बनवतात, आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात आणि घातक जंतूंना थारा मिळू देत नाहीत.

या सोबत्यांचे मोल रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या शास्त्रज्ञाने बल्गेरियन शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय आंबवलेल्या दुधाला दिले. पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला लाभ देणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांना आज ‘प्रोबायोटिक’ म्हणतात.

त्यांचे सामर्थ्य ओडिशाच्या खेड्यांत दिसून आले. रक्तातील जंतुसंसर्ग, म्हणजे ‘सेप्सिस’, हे नवजात बालकांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. डॉ. पिनाकी पाणिग्रही व सहकाऱ्यांनी ४,५५६ नवजात बालकांवर चाचणी घेतली. निम्म्या बालकांना ‘लॅक्टोबॅसिलस प्लँटारम’ हा जीवाणू व त्याचे खाद्य असलेली शर्करा सात दिवस तोंडावाटे देण्यात आली. उरलेल्यांना तसेच दिसणारे, पण औषधविरहित मिश्रण. साठ दिवसांच्या निरीक्षणात सेप्सिस वा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मात्र ही बालके जन्मतः सुदृढ, दोन किलो वा अधिक वजनाची होती, हे विसरून चालणार नाही. अपुऱ्या दिवसांच्या बालकांत असेच जीवाणू क्वचित रक्तात शिरून जिवावर बेततात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये तसा इशारा दिला. शिवाय एका जीवाणूचा गुण दुसऱ्यात असेलच असे नाही. म्हणूनच जाहिरात पाहून औषधाच्या दुकानातून पुड्या आणण्यात शहाणपण नाही.

प्रतिजैविके रोगजंतूंबरोबर या सोबत्यांचाही संहार करतात. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. एरवी डाळी-उसळी, पालेभाज्या, फळे, ज्वारी-बाजरीची भाकरी आणि वाटीभर ताजे दही एवढा साधा आहारही या सोबत्यांचा उत्तम सांभाळ करतो.